तीन महिने उणे एक दिवस

ब्रिटनमध्ये नोकरीवरून काढलेल्या माणसाला दाद मागण्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. तिथे सगळे त्याला नुसतं ट्रायब्यूनल म्हणतात. फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, हरलात तरी समोरच्याचा खर्च सहसा तुमच्या अंगावर येत नाही. घट्ट आहे ती मुदत. बहुतेक तक्रारींना तीन महिने उणे एक दिवस. १० जानेवारीला नोकरी गेली तर ९ एप्रिलची मध्यरात्र ही हद्द. नव्या कायद्यानं ती सहा महिन्यांवर न्यायचं ठरवलं आहे, पण पुढचं बोलणं जुन्या नियमाखाली झालेलं आहे.

बोलणाऱ्या दोघांना मीच समोरासमोर बसवलं आहे. मामांनी उभी हयात मुंबईत कामगारांच्या बाजूनं वकिली केली. भाची इंग्लंडमध्ये सॉलिसिटर. तिचे अशील बहुतेक कंपन्या, नर्सिंग होम, रुग्णालयं. ही माणसं कल्पित आहेत, त्यांच्या तोंडचे कायदे आणि निकाल खरे आहेत. वादाला निमित्त हवं म्हणून एक नर्सही घेतली आहे. नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली, चौदा महिन्यांची नोकरी. औषधांच्या तक्त्यात नोंद चुकली म्हणून तिला १० जानेवारीला काढलं. तशीच चूक केलेल्या इंग्रज सहकारणीला लेखी ताकीद देऊन सोडलं. नर्सनं संस्थेतच अपील केलं, ते एप्रिलच्या मध्यावर फेटाळलं गेलं, आणि २० तारखेला ती कुणाच्या तरी ओळखीनं भाचीकडे चौकशी करायला आली.

मामा : म्हणजे अकरा दिवस उशीर. अकरा दिवसांसाठी कुणी दार लावतं का गं?

भाची : लावतात. अकरा दिवस पुष्कळ झाले, मामा. नॅशनल ग्रिडच्या खटल्यात अर्ज मध्यरात्रीनंतर ८८ सेकंदांनी पोचला होता. मुदतबाह्य ठरला. २००८ मध्ये अपील न्यायालयानंही तोच निर्णय कायम ठेवला.

मामा : सेकंद मोजले त्यांनी?

भाची : ईमेलवर वेळ छापलेली असते.

मामा : आमच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली याच वृत्तीची टर उडवली होती. अनंतनागच्या भूसंपादनाचा खटला. सरकारी अपिलाला चार दिवस उशीर झालेला. खालचे लोक म्हणत, एकेका दिवसाच्या उशिराचा हिशेब द्या. न्यायमूर्ती ठक्करांनी विचारलं, मग एकेका तासाचा का नाही, एकेका सेकंदाचा का नाही? त्यांना वाटलं असेल, सेकंद मोजण्याइतका वेडेपणा कुणी करणार नाही. तुम्ही केलात.

भाची : आणि त्या निकालाच्या आधारानं तुझ्याकडे विलंबमाफीचे अर्ज किती वर्षं चालतात? मूळ दावा राहतो बाजूला, उशीर माफ करायचा की नाही यावरच तारखा पडत जातात.

मामा : पडतात. नाकारत नाही. पण ही मुलगी अकरा दिवस झोपली नव्हती. संस्थेनंच तिला पत्रात लिहिलं होतं, निर्णय मान्य नसेल तर अपील करा. तिनं केलं. मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवला हा तिचा गुन्हा?

भाची : गुन्हा नाही, पण घड्याळ नोकरी गेल्याच्या दिवशी सुरू होतं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते कुणासाठी थांबत नाही. यात माणसं सर्रास फसतात, मीही मान्य करते. साउथएंड नगरपालिकेतल्या दोघांची गोष्ट तुला सांगितली तर तू चहा टाकून उठशील.

मामा : सांग.

भाची : चोरीच्या आरोपात दोघांना शिक्षा झाली, म्हणून नगरपालिकेनं काढून टाकलं. पुढे फौजदारी अपिलात शिक्षा रद्द झाली. मग ते म्हणाले, आता आम्हाला परत घ्या. नगरपालिका नाही म्हणाली. तेव्हा ते ट्रायब्यूनलकडे गेले, पण नोकरी जाऊन तीन महिने केव्हाच उलटले होते. १९८४ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, वेळेत दावा करणं तुम्हाला शक्य होतं. दावा लावून ठेवायचा आणि फौजदारी अपिलाची वाट बघायची.

मामा : म्हणजे शिक्षेचा शिक्का कपाळावर असताना त्यांनी जाऊन सांगायचं, आम्हाला अन्यायानं काढलं. तो दावा त्या दिवशी कुणी वाचला असता तर काय म्हणाला असता? अगदी कच्चा. शिक्षा रद्द झाली तेव्हा तो पक्का झाला, आणि तोवर तो मेला होता.

(इथे मला मामांचं बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलेलं दिसतं. मुदतीचे समर्थक नेहमी म्हणतात की तिच्यामुळे फालतू दावे गळतात. पण फालतू दावा करणारा बहुधा वेळेवर येतो. त्याला फॉर्म कुठे मिळतो हे ठाऊक असतं. उशीर होतो तो आजारी पडलेल्याला, घाबरलेल्याला, किंवा मालक आपली चूक सुधारेल असं मानणाऱ्याला.)

भाची : साउथएंडवाल्यांचा नियम अन्याय्य बडतर्फीच्या दाव्याला लागतो. त्यात कसोटी कडक आहे : वेळेत दावा करणं वाजवीपणे शक्य होतं का? होतं, तर संपलं. आपल्या नर्सला तो दावा असाही करता येत नाही, कारण त्याला दोन वर्षांची नोकरी लागते आणि तिची चौदा महिन्यांची आहे. तिच्याकडे उरतो वंशभेदाचा दावा, २०१० च्या समानता कायद्याखाली. तिथे कसोटी सैल आहे. मुदत वाढवणं न्याय्य आणि रास्त वाटलं तर न्यायाधीश वाढवू शकतात.

मामा : मग वाढवतील.

भाची : सैल म्हणजे मोकळी नव्हे. मुदतवाढ हा अपवाद आहे, नियम नाही, हे अपील न्यायालयानं २००३ मध्येच बजावलं. बर्मिंगहॅमच्या रुग्णालयातल्या एका सर्जनला तीन दिवस उशीर झाला. वंशभेदाचाच दावा. नाकारला, आणि २०२१ मध्ये अपिलात ते कायम राहिलं. किती उशीर, का उशीर, त्यानं समोरच्याचं काय बिघडलं, सगळं एकत्र तोलतात. पैसे भरून केलेला वकील चुकला तरी बडतर्फीच्या दाव्यात ते कारण सहसा चालत नाही. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग १९७३ मध्ये म्हणाले ते आजही लागू आहे : वकील चुकला असेल तर वकिलावर दावा करा. आणि तेव्हा मुदत फक्त चार आठवड्यांची होती हं.

मामा : चार आठवडे!

भाची : अन्याय्य बडतर्फीचा हक्कच १९७१ च्या कायद्यानं आला. पहिली मुदत चार आठवडे. तीन महिने झाले ते १९७४ साली.

मामा : १९७१. गंमत बघ. महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांचा कायदाही १९७१ चाच. कलम २८, तक्रारीची मुदत नव्वद दिवस. म्हणजे तुमच्याइतकीच. पण मागे एक वाक्य आहे : चांगलं आणि पुरेसं कारण दाखवलं तर नंतरही तक्रार ऐकता येईल. त्या एका वाक्यावर मी किती जणांना आत नेलं असेल.

भाची : आणि औद्योगिक विवाद कायद्यात?

मामा : तिथे तर पूर्वी मुदतच नव्हती. सरहिंदच्या सहकारी संस्थेतला कामगार सात वर्षांनी आला. सर्वोच्च न्यायालय १९९९ मध्ये म्हणालं, लिमिटेशन ॲक्ट इथे लागू नाही, नुसत्या उशिरासाठी घालवून देऊ नका. उशिराच्या काळातला पगार कापा, पण ऐका.

भाची : आणि २००० मध्ये नेदुंगडी बँकेच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सात वर्षांनी उकरलेला वाद शिळा म्हणून फेकून दिला. तोही सातच वर्षांचा. आता मला सांग, कामगारानं यातून काय समजायचं? सात वर्षं चालतात की नाही? माझ्याकडे निदान तारीख सांगता येते.

मामा : २०१० मध्ये दुरुस्ती झाली, थेट लेबर कोर्टात जायचं तर तीन वर्षं ठरली.

भाची : आणि तुमच्या नव्या कामगार संहितेत त्याची दोन झाली. आखडतेच आहे की.

मामा : आखडते म्हणून बरोबर होते असं नाही. पण दोन वर्षं आणि तीन महिने यात काही फरक आहे की नाही?

भाची : आहे. फरक नर्सिंग होममध्ये जाऊन बघ. रात्रपाळीची सुपरवायझर, जिच्यासमोर सगळं घडलं, ती नोकरी सोडून गेलेली असते. तिथे कुणी टिकत नाही. औषधाचा तक्ता सापडला तरी ती सही कुणाची हे सांगणारं माणूस सापडत नाही. तू म्हणतोस उशिरानं दाव्याचं काही बिघडत नाही. बिघडतं. आणि ते कामगाराचंही बिघडतं. भेदभाव कागदावर लिहून कुणी करत नाही. तो सिद्ध होतो कोण काय म्हणालं, कुणाकडे कसं बघितलं यावरून. सहा महिन्यांनी साक्षीदार म्हणतो, आठवत नाही. खोटं बोलत नसतो, त्याला खरंच आठवत नसतं. बहुतेक कच्चे दावे खोटे नसतात, मामा. ते सिद्ध होण्याच्या पलीकडे गेलेले असतात.

मामा : हे बोललीस ते बरोबर. लिहून ठेवावं असं.

भाची : आणि मालक म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे गिरणी येते. माझ्याकडे साउथॉलचा रेस्टॉरंटवालाही येतो, पाच माणसं कामाला, हिशेब बायको ठेवते. त्याच्यावर दावा आला की सुनावणीपर्यंत वर्षाहून जास्त काळ सहज जातो. जिंकला तरी माझी फी त्याच्याच खिशातून जाते. म्हणून तो म्हणतो, काहीतरी द्या आणि मिटवा. ज्याच्यात दम नाही अशा दाव्यालाही पैसे मिळतात, का तर लढणं महाग पडतं. हे न्याय्य आहे?

मामा : नाही. पण त्यावरचा उपाय मुदत नव्हे. तुमच्याच सरकारनं एक प्रयोग करून बघितला होता ना, फीचा?

भाची : २०१३ ते २०१७. साध्या दाव्याला सगळे मिळून ३९० पौंड, बडतर्फी नि भेदभावासारख्या दाव्याला १,२००.

मामा : तेव्हाही हेच सांगत होते, फालतू दावे थांबतील. दावे तर धाडकन पडले, दोन तृतीयांशांच्या आसपास. आता मला वकिली डोक्यानं सांग : गळले ते फालतू असते, तर उरलेल्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण वाढायला हवं होतं. वाढलं?

भाची : नाही. युनिसन या कामगार संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं फी रद्द केली, त्या निकालात लॉर्ड रीड यांनी हेच नोंदवलं. प्रमाण वाढलं नाही, उलट कमीच झालं.

मामा : म्हणजे दारात अडथळा उभा केला की गरीब गळतो, कच्चा गळत नाही. पैशाचा अडथळा असो की तारखेचा.

भाची : पैशाचं मान्य. तारखेचं नाही. तारीख सगळ्यांना सारखी असते.

मामा : सारखी? या मुलीला काढलं तेव्हा तिच्यापुढे किती तारखा होत्या?

भाचीनं यावर लगेच उत्तर दिलं नाही, आणि देणं सोपंही नव्हतं. वर्क व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की मालकाला ते गृहखात्याला कळवावं लागतं. मग खात्याचं पत्र येतं आणि सहसा साठ दिवस मिळतात : तेवढ्यात नवा प्रायोजक मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. तीन महिन्यांची मुदत इंग्रज सहकारणीला तीन महिन्यांची असते. नागपूरच्या नर्ससाठी त्या तीन महिन्यांच्या पोटात दुसरं, जास्त घाईचं घड्याळ चालू असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती कायदा वाचत नव्हती, मुलाखती देत फिरत होती. देश सोडावा लागला असता तर दावा भारतातूनही करता येतो, हे खरं. पण परदेशात बसून व्हिडिओवर साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नाही ना, हे आधी तपासावं लागतं. तिच्या जागी असलेल्या किती जणींना हे कुणी सांगतं?

भाची : साठ दिवसांचा मुद्दा मी न्यायाधीशापुढे मांडेन. म्हणजे, मांडला असता, तिच्या बाजूला असते तर. उशिराचं ते खरं कारण आहे. नुसतं ‘टेन्शनमध्ये होते’ म्हणून भागत नाही, पण हे कागदावर दाखवता येतं.

मामा : मग झालं तर. कारण आहे, उशीर थोडका आहे, कसोटी सैल आहे. मिळेल मुदतवाढ.

भाची : थांब. अजून एक गोष्ट तोलतात. दाव्यात किती दम आहे ते.

मामा : ते आत गेल्यावर ना?

भाची : दारातच. २०२२ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या मानसिक आरोग्य ट्रस्टचा खटला अपिलात आला होता. त्यात ठरलं की मुदतवाढ द्यायची का हे ठरवताना दावा कमकुवत दिसतो का, हेही न्यायाधीश बघू शकतो. तो फेटाळण्याइतका कमकुवत नसला तरीसुद्धा. मात्र जपून बघायचं, पुराव्याशिवाय घाईनं मत करून घ्यायचं नाही, असंही म्हटलंय.

मामा : हे मला समजावून सांग. वेळेत आलेली बाई आणि उशिरा आलेली बाई. दोघींचा दावा सारखाच, थोडा कच्चा. पहिलीचा ऐकणार, पुराव्यात काय निघतं ते बघणार. दुसरीला म्हणणार, तू उशिरा आलीस आणि वर तुझा दावाही कच्चा दिसतो. दिसतो! कुणाला? साक्ष न ऐकता?

भाची : दोन कमतरता एकत्र आल्या की वजन वाढतं. त्यात तर्क आहे. हरण्याचीच शक्यता असलेल्या दाव्यासाठी नियम कशाला वाकवायचा? समोरच्यानं वर्षभर का झिजायचं?

मामा : आणि हाउस ऑफ लॉर्ड्सनं, तुमच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, काय सांगितलंय? तूच मला मागे सांगितलं होतंस, साउथ बँकच्या विद्यार्थी संघटनेचा निकाल.

भाची : २००१. भेदभावाचे दावे पुराव्याआधी निकालात काढू नका, अगदी उघड पोकळ असतील तर गोष्ट वेगळी. कारण असे दावे तथ्यांवर उभे असतात आणि समाजाच्या दृष्टीनं ते ऐकले जाणं महत्त्वाचं असतं.

मामा : मग? समोरच्या दारावर लिहिलंय की भेदभावाचा दावा पुराव्याशिवाय तोलू नका, आणि मुदतीच्या खिडकीतून तेच करायला मोकळीक.

(मामांचा हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. दावा फेटाळताना जे करायला कायदा कचरतो, तेच मुदतवाढ नाकारताना अर्ध्या हातानं करता येतं. भाचीही इथे थोडी बाजूला सरली.)

भाची : बरं, मुदत सोडून दे. धर, ती वेळेत आली असती. मग तिचा दावा किती पक्का आहे ते बघू. तिच्याकडे काय आहे? दोघींची सारखी चूक, एकीला ताकीद, एकीला नारळ. एक गोरी, एक भारतीय. तुला वाटतं हे पुरेसं आहे.

मामा : सुरुवातीला तरी पुरेसं.

भाची : नाही. नोमुराच्या २००७ च्या खटल्यात अपील न्यायालयानं सांगितलंय : दोघींचा वंश वेगळा आणि दोघींना वागणूक वेगळी, एवढ्यानं वंशामुळे असं झालं हे सिद्ध होत नाही. आणखी काहीतरी लागतं. ते आलं की मग सिद्ध करायचा भार मालकावर जातो. इंग्रज बाईची ती पहिलीच चूक असेल, हिची तिसरी असेल. किंवा तिनं स्वतःहून चूक सांगितली असेल आणि हिची तपासणीत सापडली असेल. हे आपल्याला माहीत नाही.

मामा : कुणाला माहीत आहे?

भाची : मालकाला.

मामा : बस. म्हणजे दावा पक्का करायला जे लागतं ते समोरच्याच्या कपाटात, आणि दावा कच्चा म्हणून बोलणी हिला. पूर्वी काही प्रश्नावली असायची ना तुमच्याकडे?

भाची : होती. भेदभावाचा संशय आला की मालकाला ठरलेल्या नमुन्यात प्रश्न विचारता यायचे. उत्तर टाळलं तर न्यायाधीश त्यातून काय तो अर्थ काढायचे. २०१४ मध्ये ती तरतूद काढून टाकली, मालकांवर बोजा पडतो म्हणून. आता प्रश्न विचारता येतात, पण साध्या पत्रानं. स्वतःबद्दलची माहिती मागायचा अर्ज करता येतो, त्याला महिनाभर लागतो, गुंतागुंतीचं आहे म्हटलं तर तीन महिन्यांपर्यंत.

मामा : तीन महिने! मुदत जितकी तितकेच.

भाची : हो. आणि त्यातून स्वतःची कागदपत्रं मिळतात. त्या सहकारणीच्या फाइलमध्ये काय आहे ते नाही मिळत. ते दावा लागल्यावर, कागदपत्रांच्या देवाणघेवाणीत निघतं.

मामा : तू माझंच काम करते आहेस.

भाची : मी वस्तुस्थिती सांगतेय. पण तू एक बघ. असा दावा आला की मी काय करते? फेटाळून टाका असा अर्ज सहसा करत नाही, टिकत नाही. डिपॉझिट मागते. न्यायाधीशाला वाटलं की एखाद्या आरोपात फारसा दम नाही, तर तो म्हणतो, हा आरोप पुढे न्यायचाय ना, मग हजार पौंडांपर्यंत अनामत ठेव. प्रत्येक आरोपामागे. त्याच कारणावरून हरली तर अनामत जाते, आणि वर खर्चही लागू शकतो. यात दार बंद होत नाही. माणसाला विचार करायला लावतं. धान्य दारातच पाखडण्यापेक्षा आत घेऊन चाळणं हे तुलाही पटेल.

मामा : हजार पौंड नागपूरच्या नर्सकडे?

भाची : ऐपत बघूनच आकडा ठरवावा लागतो. एका अपिलात न्यायमूर्ती सिमलर यांनी ते स्पष्ट केलंय : अनामतीचा हेतू इशारा देण्याचा आहे, दाव्याचा गळा घोटण्याचा नाही, भरणं शक्यच नाही अशी रक्कम लावायची नाही. तो खटला तर तस्करी करून आणलेल्या घरकामगार बाईचा होता.

मामा : हे मला बरं वाटलं. निदान कुणीतरी माणूस कागद वाचतो आणि मग ठरवतो. मुदतीत कुणी काही वाचतच नाही.

भाची : मुदतीत कुणी वाचत नाही म्हणूनच ती स्वस्त आहे. सगळं वाचायचं म्हटलं तर वाचणारे न्यायाधीश कुठून आणायचे? आजच वर्षभर रांग आहे. तू दार मोठं करायला सांगतोस, रांगेबद्दल बोलत नाहीस. आणि रांगेत सगळ्यात जास्त झिजतो तो ज्याचा दावा पक्का आहे तोच. मुंबईत तू हे बघितलं नाहीस?

मामा गप्प झाले. बघितलं होतं. निकाल लागेपर्यंत कामगार निवृत्तीच्या वयाला पोचलेला, कधी कंपनीच उरलेली नाही. विलंब माफ झाला याचा आनंद ज्यांनी केला, त्यांतले कितीतरी पुढच्या विलंबात संपले. उदार मुदतीचं हे बिल कुणी फारसं दाखवत नाही, आणि भाचीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला हाच वाटतो.

मामा : ते आहे. पण एक विचारतो. दोन वर्षांची अट तुम्हीच घातलीत. चौदा महिन्यांच्या नोकरीवर अन्यायानं काढलं एवढंच म्हणायची सोय असती, तर ही मुलगी वंशभेदाचा दावा घेऊन आली असती?

भाची : बहुतेक नाही. ती म्हणाली असती, शिक्षा चुकीच्या मानानं जास्त झाली. चांगला दावा होता तो.

मामा : म्हणजे चांगला दावा करायची सोय नाही, म्हणून ती कच्चा दावा करते. आणि मग तुम्ही म्हणता, लोक उठसूट वंशभेद ओरडतात.

भाची : मी म्हणत नाही. पण म्हणणारे आहेत, माझ्याच ऑफिसात आहेत. २०२७ च्या जानेवारीपासून दोन वर्षांचे सहा महिने होणार आहेत. त्यानं हे कमी होईल असं मलाही वाटतं. मुदतही तीनाची सहा महिने होईल, पण २०२६ च्या ऑक्टोबरआधी नाही. आणि समेटाचा काळ आधीच वाढलाय. दाव्याआधी एकासकडे जावं लागतं, तडजोड घडवणारी सरकारी यंत्रणा. तिच्याकडे असेपर्यंत घड्याळ थांबतं. पूर्वी सहा आठवडे थांबायचं, २०२५ च्या डिसेंबरपासून बारा. अट एकच, मुदत संपायच्या आत एकासचं दार वाजवायचं. ९ एप्रिलच्या आत तिनं ऑनलाइन एक अर्ज भरला असता तरी आज हे बोलणं झालं नसतं.

मामा : मला एक सांग, खरंखरं. ही मुलगी तुझ्याकडे १ एप्रिलला आली असती, आणि तू कामगारांच्या बाजूची असतीस. हातात फक्त एवढंच, ती चूक करून राहिली आणि मी गेले. बाकी काही माहीत नाही, फाइल मालकाकडे, अपील बाकी. तू तिला काय सांगितलं असतंस? थांब, आधी माहिती येऊ दे, दावा पक्का होऊ दे?

भाची : नाही. लगेच एकास, आणि मग लगेच फॉर्म. सुचतील ते सगळे आरोप टाक. प्रत्यक्ष भेदभाव, अप्रत्यक्ष भेदभाव, तक्रार केल्याचा सूड, काय काय बसतं ते बघून. नंतर दुरुस्तीनं नवा आरोप घालायचा म्हटलं की मुदतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, दुरुस्ती नाकारूही शकतात. म्हणून आधीच टाकून ठेवायचं. पटो न पटो.

मामा : म्हणजे कच्चाच दावा लाव म्हणून तू सांगितलं असतंस.

भाची : कुठलाही शहाणा वकील तेच सांगेल. मुदत तीन महिने आहे ना.

मामा : आणि तो फॉर्म दोन आठवड्यांनी मालकाच्या वकिलाच्या टेबलावर गेला की?

भाची : ती बघेल, सात आरोप आहेत, पाचांत काही नाही. पाचांवर डिपॉझिट मागेल.

मामा : ती म्हणजे कोण?

भाची : मीच, मामा. दुसरं कोण.